पेसमेकरचा रेट वाढवला की रक्तपुरवठा वाढतो का? आणि 99 टक्के पेसिंग बघून घाबरायचं का?

तुम्ही लिहिलंय त्यावरून मला समजलं ते असं. वडील 67 वर्षांचे, पूर्ण हार्ट ब्लॉक झाला होता (म्हणजे हृदयाच्या वरच्या कप्प्यातला इशारा खालच्या कप्प्यात पोचणं बंद झालं होतं), ठोके 36 वर आले होते, चक्कर येऊन पडले आणि मग दोन वायरींचा म्हणजे ड्युअल चेंबर पेसमेकर बसवला. त्याला आता दीड वर्ष झालं. चक्कर पूर्ण गेली, पण जिना चढताना दम लागतो, मध्येच थांबावं लागतं. पेसमेकरच्या रिपोर्टवर व्हेंट्रिकलचं (खालच्या कप्प्याचं) पेसिंग 99 टक्के, म्हणजे जवळपास प्रत्येक ठोका पेसमेकरने दिलेला, असं लिहिलंय आणि इकोमध्ये ईएफ (डाव्या खालच्या कप्प्यातलं किती टक्के रक्त दर ठोक्याला बाहेर पडतं तो आकडा) आधी 60 होता तो आता 50 आलाय. तुमचे प्रश्न दोन आहेत, खालचा रेट (पेसमेकर ठोके ज्याच्या खाली जाऊ देत नाही तो आकडा) 60 वरून 80 करून घेतला तर शरीराला जास्त रक्त मिळेल का, आणि हा पेसमेकरच हृदय कमकुवत करतोय का.

पेसमेकर क्लिनिक हेच माझं रोजचं काम आहे, आणि हे दोन प्रश्न मला जवळपास प्रत्येक घरातून ऐकू येतात. पहिल्याचं उत्तर बहुतेक वेळा "नाही" असं आहे. दुसऱ्याचं "होऊ शकतं, पण बहुतेकांचं होत नाही, आणि झालं तरी त्यावर उपाय आहे" असं आहे. तुमच्या वडिलांच्या बाबतीत नेमकं काय चाललंय हे मी इथे बसून सांगू शकत नाही, त्यासाठी त्यांचा ईसीजी, इको आणि पेसमेकरमधली नोंद समोर पाहिजे. पण विचार कसा करायचा हे सांगते, म्हणजे पुढच्या तपासणीला काय विचारायचं ते तुम्हाला कळेल.

आधी एक गोष्ट स्पष्ट करू. पेसमेकर हृदयाला जोर देत नाही. तो जो इशारा देतो तो साधारण 0.4 मिलिसेकंदाचा, दोन-तीन व्होल्टचा असतो, त्याने वायरच्या टोकाजवळचे थोडेसे स्नायू जागे होतात आणि तिथून लाट पुढे पसरते, आकुंचन पावायचं काम स्नायूच करतो, स्वतःच्या ताकदीने. म्हणजे पेसमेकरच्या हातात तीनच गोष्टी आहेत: ठोका कधी द्यायचा, वरच्या आणि खालच्या कप्प्यात किती अंतर ठेवायचं, आणि लाट कुठून सुरू करायची. रक्ताभिसरणावर त्याचा जो काही बरावाईट परिणाम होतो तो या तीन गोष्टींतूनच होतो, आणि लोकांचं सगळं लक्ष मात्र पहिल्या गोष्टीवर, म्हणजे रेटवर असतं.

रेटचं बघू. मिनिटाला हृदय किती रक्त बाहेर टाकतं हे दोन आकड्यांचा गुणाकार आहे, मिनिटाचे ठोके आणि दर ठोक्याला बाहेर पडणारं रक्त. 70 ठोके आणि दर ठोक्याला 70 मिली धरले तर जवळजवळ 5 लिटर होतात. हा गुणाकार बघितला की कुणालाही वाटणारच की ठोके वाढवले की लिटर वाढतील, पण हे दोन आकडे एकमेकांपासून सुटे नाहीत, एक हलवला की दुसराही हलतो. वडिलांचे ठोके 36 होते तेव्हा दोन ठोक्यांमध्ये खूप वेळ मिळत होता, खालचा कप्पा भरपूर भरायचा, ताणला जायचा, आणि ताणलेला स्नायू जास्त जोराने आकुंचन पावतो म्हणून दर ठोक्याला 100 मिलीच्या आसपास रक्त बाहेर टाकायचा. बऱ्याच जणांचं त्या काळातलं वरचं ब्लडप्रेशर जास्त आणि खालचं कमी येतं ते यामुळेच. पण 36 गुणिले 100 म्हणजे 3.6 लिटरच, आणि मुख्य म्हणजे चालायला लागल्यावर तो आकडा फारसा वाढायला जागाच नाही, कारण कप्पा आधीच पूर्ण ताणलेला. इथे पेसमेकरने रेट वर आणला की फरक खरोखर पडतो आणि तो तुम्ही बघितलात, चक्कर गेली.

आता 60 चे 80 करायचे. 60 ला एका ठोक्याचा वेळ 1 सेकंद, त्यात आकुंचनाला साधारण 0.35 सेकंद जातात आणि भरायला 0.65 उरतात. 80 केले की एका ठोक्याला 0.75 सेकंद मिळतात, आकुंचनाचा वेळ थोडाच कमी होतो, कात्री लागते ती भरण्याच्या वेळेला, तो 0.4 च्या आसपास येतो. दर ठोक्याला रक्त कमी भरतं, कमी बाहेर पडतं, आणि गुणाकार जवळजवळ तिथल्या तिथेच राहतो. हृदय कितीही घाईने चाललं तरी शिरांमधून परत येईल तेवढंच रक्त ते पुढे ढकलू शकतं, आणि माणूस निवांत बसलेला असताना ते परत येणारं रक्त पेसमेकरच्या सेटिंगने वाढत नाही. माणूस स्वस्थ असताना फक्त पेसिंगने रेट वाढवत नेला तर बऱ्याच मोठ्या टप्प्यात एकूण आउटपुट जवळपास सारखंच राहतं, हे जुनं आणि नीट तपासलेलं शरीरशास्त्र आहे. वर, हृदयाच्या डाव्या कप्प्याच्या स्नायूला स्वतःचं रक्त मुख्यतः सैल पडायच्या वेळेत मिळतं, म्हणजे आपण नेमका तोच वेळ कमी करतोय, त्यामुळे रक्तवाहिन्यांत अडथळे असतील तर विनाकारण वाढवलेला रेट त्रासही देऊ शकतो.

याला अपवाद आहेत आणि ते खरे अपवाद आहेत. ज्याचा कप्पा इतका कडक झालाय की तो जास्त वेळ मिळाला तरी जास्त भरूच शकत नाही, त्याच्या दर ठोक्याचं रक्त जवळपास ठरलेलं असतं, तिथे रेट वाढवला तर लिटर वाढतात. ऑपरेशननंतर आयसीयूत तात्पुरत्या पेसिंगने 80-90 ठेवतात, एव्ही नोड (वरून खाली इशारा नेणारा दुवा) उपचार म्हणून जाळल्यावर सुरुवातीचे काही आठवडे रेट मुद्दाम चढा ठेवतात, त्यामागची कारणं वेगळी असतात. 2023 मध्ये या विषयावर दोन अभ्यास आले आणि दोघांचे निकाल उलट दिशेचे वाटतात म्हणून त्यांचा उल्लेख करते. मायपेस नावाच्या अभ्यासात ईएफ चांगला असूनही हार्ट फेल्युअर असलेल्या, आधीच पेसमेकर असलेल्या लोकांचा खालचा रेट 60 ऐवजी साधारण 75 ठेवला, आणि त्यांना बरं वाटलं, रक्तातला हार्ट फेल्युअरचा मार्करही उतरला. रॅपिड-एचएफ नावाच्या छोट्या अभ्यासात 29 जण होते, व्यायाम करताना ज्यांचे ठोके पुरेसे वाढत नाहीत असे, त्यांचे ठोके पेसमेकरने वाढवून बघितले, ठोके वाढले पण दर ठोक्याचं रक्त घटलं आणि व्यायामाची क्षमता वाढली नाही. म्हणजे कुणाचं हृदय, कसं भरतं, आणि पेसिंग कुठून होतंय यावर सगळं ठरतं. मायपेसमधल्या लोकांच्या खालच्या कप्प्यात लाट बहुतांशी नैसर्गिक मार्गाने किंवा त्याच्या जवळून जात होती, ही अट विसरून तो 75 चा आकडा सरसकट सगळ्यांना लावणं मला पटत नाही.

आता जिन्याकडे येऊ, कारण वडिलांची तक्रार बसल्याजागची नाहीये, चढताना दम लागतो ही आहे. चालायला लागलो की पायाचे स्नायू शिरा पिळून रक्त परत पाठवतात, शरीर हृदयाला जोर लावायला सांगतं, आणि तेव्हा मात्र रेट वाढायलाच पाहिजे, तिथे वाढलेला प्रत्येक ठोका कामाचा असतो. दोन वायरींच्या पेसमेकरमध्ये वरचा कप्पा स्वतःचा रेट वाढवतो आणि पेसमेकर तो वाचून खालच्या कप्प्याला तसाच ठोका देतो. हे नीट होतंय का ते पेसमेकरच्या हिस्टोग्रामवर दिसतं, कुठल्या रेटला किती वेळ गेला त्याचे उभे खांब असतात. सगळे खांब 60 ते 70 मध्येच अडकलेले असतील तर वरच्या कप्प्याचं नैसर्गिक केंद्रही थकलंय किंवा औषधांनी दबलंय, तिथे रेट रिस्पॉन्स चालू करायचा विचार होतो, म्हणजे पेसमेकर हालचाल किंवा श्वास ओळखून स्वतः ठोके वाढवतो. पण हे खांब छान 100-110 पर्यंत पसरलेले असतील तर रेट रिस्पॉन्सची तशी गरज नाही.

आणखी एक कारण असतं जे बऱ्याचदा नजरेतून सुटतं. दोन वायरींच्या प्रत्येक पेसमेकरला वरचा कप्पा वाचल्यानंतर काही वेळ "आंधळा" राहावं लागतं, नाहीतर तो खालच्या ठोक्याचा प्रतिध्वनी वरचा ठोका समजून बसेल. समजा वरच्या-खालच्या ठोक्यातलं अंतर 150 मिलिसेकंद आहे आणि त्यानंतरचा आंधळा काळ 310, तर मिळून 460 मिलिसेकंद झाले, म्हणजे मिनिटाला 130. वरचा कप्पा 130 च्या पुढे गेला की दर दुसरा ठोका पेसमेकरला दिसतच नाही आणि खालचा कप्पा 130 वरून एकदम 65 वर येतो, तेही माणूस जिन्याच्या मध्यावर असताना. पेशंट म्हणतो "अचानक पायातली ताकद गेली", आणि खाली बसून काढलेल्या ईसीजीत काहीच सापडत नाही. 67 व्या वर्षी 130 च्या पुढे सगळेच जात नाहीत, पण हळूहळू दम लागतो की एका क्षणी फट्कन थांबावं लागतं हे वडिलांना नक्की विचारा, दोन्हींचे अर्थ वेगळे आहेत. हे सेटिंग बदलून सुटण्यासारखं आहे. शक्य असेल तर त्यांना क्लिनिकमध्येच जिना चढायला लावून, नाहीतर ट्रेडमिलवर चालवून पेसमेकरची नोंद बघावी, मी तरी पडून केलेल्या तपासणीवर चढण्याच्या तक्रारीचा निकाल देत नाही.

दुसरी गोष्ट, वरच्या आणि खालच्या कप्प्यातलं अंतर. खालचा कप्पा सैल पडला की आधी बरंचसं रक्त आपोआप आत येतं, आणि शेवटी वरचा कप्पा आकुंचन पावून उरलेलं आत ढकलतो. निरोगी हृदयात हा शेवटचा वाटा साधारण 15 ते 20 टक्के असतो, पण वय झालेल्या किंवा ब्लडप्रेशरमुळे जाड आणि कडक झालेल्या हृदयात तो एक तृतीयांशाच्या आसपासही जातो. म्हणजे वडिलांसारख्या माणसाला तो वाटा गमावणं परवडत नाही. अंतर फार कमी ठेवलं तर वरचा कप्पा अजून ढकलतोय तोवर खालचा आकुंचन पावतो आणि झडप बंद होते, ढकललेलं रक्त अर्ध्यातच अडतं. अंतर फार जास्त ठेवलं तर वरचा कप्पा घाईने, सुरुवातीच्या भरण्याच्या अंगावरच आकुंचन पावतो, मग रिकामा वेळ जातो आणि त्या वेळेत मायट्रल झडपेतून (डावीकडच्या वरच्या-खालच्या कप्प्यांमधल्या) थोडं रक्त मागे गळतं. योग्य अंतर बहुतेकांत 120 ते 200 मिलिसेकंदांच्या मध्ये कुठेतरी असतं. कंपनीतून आलेलं सेटिंग बऱ्याच जणांना चालतं, पण ज्याचा वरचा कप्पा मोठा झालाय, ज्याच्यात डाव्या बाजूला लाट उशिरा पोचते, त्याला ते कमी पडतं. इकोवर मायट्रल झडपेतून आत येणाऱ्या रक्ताच्या दोन लाटा बघत अंतर बदललं की काही वेळा समोरासमोर फरक दिसतो.

हे अंतर पूर्णच बिघडलं तर काय होतं ते एका वायरीच्या पेसमेकरमध्ये दिसतं. खालचा कप्पा स्वतंत्र चालतो, वरचा कप्पा स्वतंत्र, आणि कधीकधी तर खालची लाट उलटी वर जाऊन वरचा कप्पा बंद झडपेवर आकुंचन पावतो. मानेतल्या शिरा उडतात, बीपी उतरतं, डोकं हलकं होतं, थकवा येतो. याला पेसमेकर सिंड्रोम म्हणतात. 2002 च्या मोस्ट अभ्यासात, साइनस नोड (वरच्या कप्प्यातलं ठोके सुरू करणारं नैसर्गिक केंद्र) खराब असलेल्या 2010 लोकांवर, एका कप्प्याच्या पेसिंगवर ठेवलेल्यांपैकी सुमारे 18 टक्के लोकांचं सेटिंग या त्रासामुळे बदलून दोन कप्प्यांचं करावं लागलं. ज्यांचा वरचा कप्पा कायमचा फिब्रिलेशनमध्ये आहे, म्हणजे आकुंचन न पावता नुसता थरथरतो, त्यांना ढकलणारा ठोकाच नसतो, त्यामुळे त्यांच्यासाठी एक वायर पुरते, तो वेगळा गट. तुमच्या वडिलांना दोन वायरी आहेत, पण वरची वायर अजून नीट वाचतेय का आणि मधल्या काळात एट्रियल फिब्रिलेशन सुरू झालंय का हे बघायला हवं, कारण फिब्रिलेशन सुरू झालं की पेसमेकर वरच्या कप्प्याचं ऐकणं आपोआप बंद करतो आणि तो 20-30 टक्क्यांचा वाटा गुपचूप जातो. रिपोर्टवर मोड स्विच किंवा एटी/एएफ बर्डन अशी ओळ असते, ती शोधा.

आता तिसरी गोष्ट, लाट कुठून सुरू होते. तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं मूळ इथे आहे, आणि मला सगळ्यात जास्त महत्त्वाचीही हीच वाटते.

निसर्गाने खालच्या कप्प्यांत स्वतःचं वायरिंग दिलंय, त्यातून लाट सेकंदाला 2 ते 4 मीटर वेगाने पळते आणि दोन्ही कप्प्यांचे स्नायू जवळजवळ एकाच वेळी जागे होतात. साध्या स्नायूतून लाट त्याच्या बरीच हळू सरकते, सेकंदाला मीटरभरसुद्धा नाही. पेसमेकरची नेहमीची वायर उजव्या कप्प्यात, टोकाला किंवा मधल्या पडद्यावर बसते, म्हणजे लाट चुकीच्या जागी सुरू होते आणि स्नायूतून रांगत डावीकडच्या भिंतीपर्यंत उशिरा पोचते. ईसीजीत क्यूआरएस (खालचे कप्पे जागे होतानाचा उंच भाग) रुंद दिसतो तो यामुळे. चार जणांनी जड कपाट उचलताना दोघांनी आधी आणि दोघांनी नंतर जोर लावला तर कष्ट सगळ्यांना पडतात पण कपाट उचललं जात नाही, इथे तेच होतं. पडदा आधी आकुंचन पावतो तेव्हा कप्प्यात दाबच नसतो, त्याचा जोर समोरच्या अजून सैल असलेल्या भिंतीला ताणण्यात जातो, मग ती भिंत उशिरा आणि जास्त ताणलेल्या अवस्थेत आकुंचन पावते आणि सैल पडत चाललेल्या पडद्याला उलट ढकलते. ताकद खर्च होते, रक्त कमी बाहेर जातं. दाब चढण्याचा वेग कमी होतो, सैल पडायलाही उशीर होतो म्हणून भरणंही बिघडतं, झडपेला धरून ठेवणारे स्नायू वेगवेगळ्या वेळी ओढतात म्हणून मायट्रल गळती वाढू शकते. वर्षानुवर्षं असं चाललं की आधी जागा होणारा भाग पातळ होत जातो, त्याला रक्तही कमी लागायला लागतं, आणि उशिरा जागा होणारी भिंत जास्त काम करून जाड होते.

हे कुणाला माहीत नव्हतं असं नाही. विगर्स नावाच्या शरीरशास्त्रज्ञाने 1925 मध्येच प्राण्यांवर दाखवलं होतं की स्नायूवर बाहेरून दिलेल्या इशाऱ्याने आकुंचन नैसर्गिकपेक्षा मंद आणि कमी जोराचं होतं. पण 1958 मध्ये स्टॉकहोममध्ये आर्ने लार्सन यांच्या शरीरात पहिला पेसमेकर बसवला तेव्हा प्रश्न माणूस जगवायचा होता, आणि ते 2001 पर्यंत, वयाच्या 86 व्या वर्षापर्यंत जगले. लाट कुठून जावी हा प्रश्न पेशंट पंचवीस-तीस वर्षं जगायला लागल्यावर महत्त्वाचा झाला.

2002 मध्ये डेव्हिड अभ्यासाने सगळ्यांना हलवलं. त्यात 506 लोक होते, ईएफ 40 किंवा कमी, आयसीडी (धोकादायक ठोके शॉक देऊन थांबवणारं यंत्र) बसवलेले, आणि संथ ठोक्यांसाठी पेसिंगची गरज नसलेले. अर्ध्यांचं यंत्र ठोके 40 च्या खाली गेले तरच ठोका देईल असं ठेवलं, अर्ध्यांना दोन कप्प्यांचं, 70 च्या रेटने पेसिंग दिलं. वाटत होतं दुसऱ्या गटाला फायदा होईल. वर्षभरात मृत्यू किंवा हार्ट फेल्युअरची भरती न झालेले लोक पहिल्या गटात 83.9 टक्के होते आणि दुसऱ्यात 73.3. पुढे मोस्टच्याच आकडेवारीतून 2003 मध्ये दिसलं की दोन कप्प्यांच्या पेसमेकरमध्ये खालचं पेसिंग 40 टक्क्यांच्या वर गेलं तर हार्ट फेल्युअरच्या भरतीचा धोका अडीचपट होतो. तेव्हापासून नको तिथे खालच्या कप्प्याला ठोका द्यायचा नाही हा नियमच झाला, आणि तो योग्य आहे. तुमचा रेट 80 करायचा प्रश्न वाचताना मला डेव्हिड आठवायचं कारण हेच.

पण हा नियम तुमच्या वडिलांना लागू होत नाही, आणि इथे लोक विनाकारण घाबरतात. त्यांचा मार्गच बंद आहे. वरून खाली काहीच पोचत नाही, म्हणून प्रत्येक ठोका पेसमेकरलाच द्यावा लागतो, 99 टक्के हा त्यांच्या ब्लॉकचा आकडा आहे, बिघाडाचा नाही. पेसिंग कमी करायची जी सेटिंग्ज असतात ती साइनस नोडचा आजार आणि मार्ग चालू असलेल्यांसाठी, पूर्ण ब्लॉकमध्ये ती वापरली तर मधले ठोके गळतील.

मग उजव्या बाजूच्या सततच्या पेसिंगने किती जणांचं हृदय कमकुवत होतं? जास्त पेसिंग लागणाऱ्यांपैकी साधारण 10 ते 20 टक्के, तेही काही वर्षांत. म्हणजे बहुसंख्यांचं होत नाही, 100 टक्के पेसिंगवर दहा-पंधरा वर्षं ईएफ जसाच्या तसा असलेले लोक माझ्याकडे नियमित येतात. धोका जास्त कुणाला, तर ज्यांचा ईएफ आधीच थोडा कमी होता, ज्यांचा पेसिंगचा क्यूआरएस 150 मिलिसेकंदांपेक्षा जास्त रुंद आहे, पुरुषांना थोडा जास्त. 2009 च्या पेस अभ्यासात ईएफ चांगला असलेले 177 जण होते, वर्षभरात उजव्या टोकावरून पेसिंग झालेल्यांचा सरासरी ईएफ 54.8 होता आणि दोन्ही बाजूंनी पेसिंग झालेल्यांचा 62.2. म्हणजे थोडी घसरण दिसते, पण सरासरी आकड्यावरून एका माणसाचं ठरवता येत नाही.

तुमच्या 60 चे 50 झाले याबद्दल. इकोत ईएफ मोजताना वेगवेगळ्या हाताने पाच ते दहा अंकांचा फरक सहज येतो, त्यात पेसिंगच्या ठोक्यात पडदा वेडावाकडा हलतो म्हणून डोळ्याने अंदाज करणाऱ्याला ईएफ कमीच वाटतो. साधारणपणे ईएफ 10 अंकांनी उतरून 50 च्या खाली गेला आणि दुसरं कारण सापडलं नाही तर पेसिंगमुळे झालेली कार्डिओमायोपथी (हृदयाचा स्नायू कमकुवत होणं) म्हणतात. वडील अगदी उंबरठ्यावर आहेत, ना सोडून द्यावं असं, ना लगेच वायर बदलावी असं. मी असते तर आधीच्याच इको करणाऱ्याकडून, दोन्ही बाजूंनी नीट रेषा काढून मोजलेला ईएफ आणि जमल्यास स्ट्रेन (स्नायू किती आखडतो त्याचं माप) मागितला असता, आणि कप्प्याची मापं जुन्या मापांशी ताडून बघितली असती. कप्पा मोठा होत चाललाय हे मला ईएफच्या एका आकड्यापेक्षा जास्त विश्वासाचं वाटतं. तीन ते सहा महिन्यांनी पुन्हा इको, आणि ईएफ अजून उतरला तर वाट बघायची नाही.

उतरलाच तर काय? तेव्हा लाटेची वाट सुधारायची. एक मार्ग म्हणजे डाव्या बाजूला आणखी एक वायर टाकून दोन्हीकडून एकदम ठोका द्यायचा, याला सीआरटी म्हणतात. 2005 च्या केअर-एचएफ अभ्यासात, हार्ट फेल्युअर आणि रुंद क्यूआरएस असलेल्या 813 लोकांत, याने मृत्यूचा धोका 36 टक्क्यांनी कमी केला. 2013 च्या ब्लॉक-एचएफमध्ये, ब्लॉक असलेल्या आणि ईएफ 50 पर्यंतच्या 691 लोकांत, दोन्हीकडचं पेसिंग उजव्या पेसिंगपेक्षा सरस ठरलं. मला यातली विशेष गोष्ट अशी वाटते की जोर वाढवणारी औषधं हृदयाकडून जास्त ऑक्सिजन खर्च करून घेतात, सीआरटीत मात्र हृदय त्याच ऑक्सिजनमध्ये जास्त काम करतं, कारण वाया जाणारी ताकद वाचते. दुसरा मार्ग म्हणजे निसर्गाच्या वायरिंगलाच पकडायचं. हिज बंडलचं (त्या वायरिंगच्या मुख्य खोडाचं) पेसिंग 2000 मध्ये पुढे आलं, आणि 2017 मध्ये चीनमधल्या हुआंग यांच्या गटाने पडद्यातून आत वायर नेऊन लेफ्ट बंडलला (त्याच्या डाव्या फांदीला) पकडायची पद्धत मांडली, ती आता झपाट्याने पसरतेय. क्यूआरएस अरुंद राहतो आणि काम सीआरटीच्या तुलनेत सोपं पडतं. ईएफ 36 ते 50 च्या मध्ये असेल आणि पेसिंग बरंच लागणार असेल तर यांपैकी कुठला तरी मार्ग घेणं योग्य, असं 2023 च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शनातही आहे. पेसिंगमुळे उतरलेला ईएफ वायर सुधारल्यावर बऱ्याच जणांत काही महिन्यांत परत वर येतो, सगळ्यांचा पूर्ण येत नाही, पण लवकर पकडला तर शक्यता चांगली.

तर आत्ता काय करायचं. रेट 80 करा असा आग्रह धरू नका. पुढच्या चेकला हे विचारा: हिस्टोग्राम कसा दिसतो, वरची मर्यादा किती ठेवलीय आणि कुठल्या रेटला ठोके अर्धे होतात, वरच्या-खालच्या कप्प्यातलं अंतर किती आहे, एट्रियल फिब्रिलेशनची नोंद आहे का, आणि पेसिंगचा क्यूआरएस किती रुंद आहे. त्याच्याबरोबर हिमोग्लोबिन, थायरॉइड आणि फुप्फुसं बघून घ्या, हृदयाच्या रक्तवाहिन्यांचं काय ते डॉक्टरांना विचारा, आणि इकोत उजवीकडच्या ट्रायकस्पिड झडपेची गळती वायरमुळे वाढलीय का ते बघायला सांगा. पेसमेकर असलेल्या माणसाची प्रत्येक धाप पेसमेकरची नसते, पण घरच्यांचं आणि कधी डॉक्टरांचंही लक्ष तिथेच अडकतं.

पाय सुजायला लागले, रात्री उठून बसावं लागलं, दोन-तीन दिवसांत वजन दीड-दोन किलोने वाढलं, किंवा चक्कर पुन्हा आली तर पुढच्या तारखेची वाट बघू नका, त्याच दिवशी दाखवा. पूर्ण ब्लॉकच्या पेशंटला पेसमेकर असताना पुन्हा चक्कर आली तर वायर ठोका पोचवतेय की नाही हे तासांत बघायचं असतं. ईसीजीचा फोटो आणि पेसमेकरच्या रिपोर्टचं पहिलं पान, नाव झाकून, इथे टाकलंत तर अंतराची आणि हिस्टोग्रामची सेटिंग्ज बघून काय विचारायचं ते अजून नेमकं सांगेन.